स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारात लक्षणांची तीव्रता आकड्यांत कशी मोजतात?

रक्तदाबासारखे यंत्र येथे नसल्यामुळे प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली मुलाखत आणि ठरावीक गुणश्रेणी यांचाच आधार घ्यावा लागतो. १९६२ सालची बीपीआरएस (ब्रीफ सायकिअ‍ॅट्रिक रेटिंग स्केल) ही गुणश्रेणी आजही वापरात आहे. संशोधनात मात्र १९८७ साली प्रसिद्ध झालेली ‘पॅन्स’ (पॉझिटिव्ह अँड निगेटिव्ह सिंड्रोम स्केल) ही गुणश्रेणी अधिक आढळते. तिच्यात भास-भ्रमांच्या गटातील ७, भावनांचा बोथटपणा व अलिप्तता यांसारखी ७ आणि चिंता, नैराश्य इत्यादी सर्वसाधारण १६, अशा ३० लक्षणांना प्रत्येकी १ ते ७ गुण देतात. ‘आवाज ऐकू येतात का?’ एवढे विचारून भागत नाही. गेल्या आठवड्यात ते किती वेळा आले आणि त्यांचा रुग्णाच्या विचारांवर व वागण्यावर किती परिणाम झाला, हे पाहूनच ३ द्यायचे की ५ हे ठरते. माणूस घरातही कोणाशी मिसळत नाही, हे तर घरच्यांनाच विचारावे लागते, कारण अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीत ते दिसतेच असे नाही.

बेरीज वाचताना एक चूक फार होते. येथे किमान बेरीज शून्य नसून ३० असते, म्हणून गुण ९० वरून ६० वर आले, तर लक्षणे एक तृतीयांशाने नव्हे, निम्म्याने घटली असे धरावे.