प्रागैतिहासिक, प्रागितिहासिक की इतिहासपूर्व?

प्रश्न असा आला आहे: ‘राकेल वेल्च या नटीवरच्या एका लेखात तिच्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’ या १९६६च्या चित्रपटाला ‘प्रागैतिहासिक साहसपट’ म्हटलं आहे. शब्द ‘प्रागितिहासिक’ असा हवा ना? आणि चित्रपट कसा काय प्रागैतिहासिक असेल?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘प्रागैतिहासिक’ बरोबरच आहे. प्राक् म्हणजे आधीचा. प्राक् अधिक ऐतिहासिक. पुढे स्वर आला की क् चा ग् होतो, शाळेत शिकलेला तृतीय व्यंजन संधी. वागीश, दिगंबर याच वाटेनं आले. आधी ‘प्रागितिहास’ हे नाम करून मग त्याला ‘इक’ लावला तर ‘प्रागितिहासिक’ होतो. ‘इक’ लागताना पहिल्या स्वराची वृद्धी होते, पण इथे तो आधीच ‘आ’ आहे, त्यामुळे आतला ‘इ’ तसाच राहतो. म्हणजे तोही व्याकरणात बसतो, पण रुळलेला पहिला. नाम मात्र ‘प्रागितिहास’ असंच लिहावं. ‘प्रागऐतिहासिक’ आणि ‘प्रागतिहासिक’ ही दोन रूपं सर्रास दिसतात, ती चूक. ‘इतिहासपूर्व’ला काहीच हरकत नाही, उलट ज्याला जोडाक्षरांची धास्ती आहे त्यानं तोच वापरावा.

दुसऱ्या शंकेत तथ्य आहे असं वाटतं खरं, पण नाही. आपण ‘ऐतिहासिक चित्रपट’, ‘पौराणिक नाटक’ म्हणतो तेव्हा ते नाटक पुराणकाळात लिहिलेलं नसतं, विषय तिथला असतो. ‘प्रागैतिहासिक साहसपट’ त्याच घडणीचा. वाचणाऱ्याला क्षणभर अडखळायला होतं, कारण ‘प्रागैतिहासिक’ आपण थट्टेनं जुनाट वस्तूंनाही लावतो (‘तुझा मोबाइल प्रागैतिहासिक आहे’). ती अडचण टाळायची तर ‘आदिमानवांचा साहसपट’ म्हणावं.

खरी गंमत वेगळीच आहे. ‘प्रागैतिहासिक’ म्हणजे लेखनाच्या आधीचं, आणि तेही माणसाच्या संदर्भात. त्यामुळे या काळाचा शेवट सगळीकडे एकाच वेळी होत नाही. शिरूरजवळच्या इनामगावात इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात माणसं घरं बांधून शेती करत होती, पण त्यांचं लिखित काही नाही. मेसोपोटेमियात तेव्हा लेखनाला दीड हजार वर्षं होऊन गेली होती. म्हणून पुरातत्त्वज्ञ शक्यतो नेमकं नाव घेतात: पुराश्मयुगीन, नवाश्मयुगीन, इनामगावसाठी ताम्रपाषाणयुगीन.

आणि डायनोसॉर? ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांचा काळ मध्यजीव महाकल्प. इतिहासाच्या ‘प्राक्’ म्हणायला तिथे माणूसच नाही. चित्रपटात मात्र शंखशिंपल्यांच्या किनाऱ्यावरची टोळी आणि डोंगरातली टोळी, दोघींनाही हे प्राणी भेटत राहतात, आणि उडता टेरोसॉर तर नायिका लोआनाला उचलून नेतो. ते प्राणी रे हॅरीहाउसेननं प्रतिकृती एकेक चौकटीनं हलवून घडवले. हा चित्रपट आपण प्राध्यापकांसाठी केलेला नाही, असं तो म्हणत असे. शास्त्र बाजूला ठेवलं तर ‘पौराणिक’ हेच विशेषण त्याला जास्त शोभलं असतं.

नावातल्या ‘बी.सी.’बद्दलही एक सांगतो. मराठीत कुणी ‘इ.स.पू. दहा लाख वर्षे’ असं लिहिलं तर अक्षरशः बरोबर, पण हास्यास्पद. दहा लाखांच्या हिशेबात इसवी सनाची दोन हजार वर्षं धरली काय, सोडली काय! ‘दहा लाख वर्षांपूर्वी’ पुरे. मूळ इंग्रजी नावातली ती ऐट १९४०च्या ‘वन मिलियन बी.सी.’पासून आलेली आहे. १९६६चा चित्रपट त्याचीच नवी आवृत्ती. जुन्यातली लोआना कॅरोल लँडिसनं केली होती.

लेखात नटीचं नाव कुठे ‘राकेल’ तर कुठे ‘रॅक्वेल’ आहे, म्हणून तेही. तिचे वडील बोलिव्हियाचे, जन्मनाव जो राकेल तेहादा. वेल्च हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव. स्पॅनिशमध्ये तिथे ‘क्व’ उच्चारत नाहीत, ‘के’ होतो, म्हणून ‘राकेल’ लिहावं.

लेखकानं तिच्या पोशाखाला ‘कातड्याची बिकिनी’ म्हटलं आहे, तो शब्द राहू द्या. ‘वल्कलं’ वगैरे नको, ती झाडाच्या सालीची असतात. बिकिनी हा शब्द कपड्याला लागला १९४६ साली, अणुचाचणीच्या बेटावरून. म्हणजे चित्रपटाच्या वेळी जेमतेम वीस वर्षांचा. पण कार्ल टॉम्सनं बेतलेला तो पोशाखही तेवढाच साठच्या दशकातला होता. त्यातला तिचा फोटो जगभर भिंतींवर लागला आणि तिला नाव मिळालं ते त्यामुळे, संवादांमुळे नव्हे. लोआनाच्या वाट्याला मोजकेच शब्द आहेत, तेही बनवलेल्या बोलीतले. ‘बोलपट’ तेवढा म्हणू नका.