दत्तक भाची, मारणारा भाऊ आणि घरात दाबून ठेवलेली गोष्ट

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की सोलापूरच्या अशोक चौकात राहणाऱ्या तुमच्या बहिणीनं दिराची मुलगी तान्ही असताना दत्तक घेतली, ती आता ११ वर्षांची आहे पण तिला हे माहीत नाही, आणि १७ वर्षांच्या थोरल्या मुलाला मात्र जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांकडनं कळलं. तेव्हापासनं तो तिला मारतो, "तू आमची नाहीस, सांगितलंस तर हाकलून देतील" म्हणतो, आणि घरचे म्हणतात भावंडांत चालायचंच, बाहेर बोलू नको. पोरगी रात्री अंथरूण ओलं करतेय, शाळेच्या वेळेला पोट दुखतंय म्हणते. मावशीला तक्रार करता येते का आणि दत्तक मोडेल का, हे तुमचे प्रश्न.

दत्तकाचं आधी. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात कलम १५ आहे, नीट झालेलं दत्तक कुणालाच रद्द करता येत नाही, आईबापालाही नाही आणि पोरीलाही नाही. वारसाहक्कात ती त्या पोराच्या बरोबरीची, म्हणजे हाकलायची धमकी साफ पोकळ. पण ते त्या लेकराला कोण सांगणार, कारण सांगायचं तर दत्तकाचं सांगावं लागतं आणि तेच तर दाबून ठेवलंय! माझं स्पष्ट मत, त्या पोराच्या हातात काठी घरच्यांनीच दिलीय. आईबापानं समुपदेशकाला सोबत घेऊन पोरीला खरं सांगितलं की निम्मी धमकी तिथंच संपली.

तक्रार तुम्ही करू शकता, अगदी शेजारी पण करू शकतो. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडं लेखी द्या. पोरगा जेलात जाईल ही बहिणीची भीती मला कळते पण तो १८ च्या खालचा आहे, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, असल्या मारहाणीत सहसा एफआयआर न होता पोलिसांच्या डायरीत नोंद होते, समज देणं, समुपदेशन असं होतं, नाव छापायला तर बंदीच आहे. उलट अडचण मोठ्यांची, ताब्यातल्या मुलाकडं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही, हे बहिणीला जरा ऐकवाच.

आणि एक, मारण्यापलीकडं काही घडल्याची शंका आली तर मग घरात बसून विचार करायचा नाही, पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. पोरीची उलटतपासणी तुम्ही घेऊ नका, ती म्हणेल तेवढं ऐका, तिचा जबाब पोलीस तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घेतात, गणवेश न घालता.

दत्तकाचा कागद नाही म्हणता, तर दोन्ही जोडपी हयात आहेत तोवर दुय्यम निबंधकाकडं दत्तकपत्र नोंदवून घ्या, उद्या वाट्याचा वाद निघाला तर तोच कामाला येतो. दत्तकविधानाचे फोटो पण शोधा, पोरगी देता-घेतानाचा एखादा निघाला तर सोन्याहून पिवळं.