पहिला व्हिज्युअलायझर: ३२ पट्ट्या पुरेत

व्हिज्युअलायझर म्हणजे आवाजाबरोबर हलणारं चित्र; इथे प्रत्येक उभी पट्टी आवाजाच्या एका वारंवारता-पट्ट्याचा जोर दाखवते. पहिलाच करतोयस, तर थ्रीडी सध्या बाजूला ठेव. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा पडदा घे: २५६ बाय १९२ पिक्सेल, ८ बाय ८च्या ३२ बाय २४ चौकटी आणि एका चौकटीत दोनच रंग. ३२ रकाने म्हणजे ३२ पट्ट्या, हिशेब आयता. हे चित्र चौपट करून १०२४ बाय ७६८ दाखव, पण स्मूदिंग (मोठं करताना पिक्सेलांच्या कडा मऊ करणं) बंद ठेवून. नाहीतर कडा पुसट होतात आणि जुन्या यंत्राची मजाच जाते.

४४,१०० हर्ट्झच्या आवाजातून एका वेळी १०२४ नमुने (आवाजाची मोजमापं) घे, हॅन विंडो लाव, म्हणजे तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आण, मग एफएफटी कर, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा आवाज किती ते काढ. विंडो विसरलास तर एकच सूर शेजारच्या पट्ट्यांतही सांडतो. १०२४ नमुने म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि दोन बिनांत (एफएफटीतल्या वारंवारतेच्या कप्प्यांत) ४३ हर्ट्झचं अंतर. पट्ट्या ४० ते १६,००० हर्ट्झपर्यंत लॉग प्रमाणात (प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या ठरावीक पट) वाटल्या की डावीकडच्या काही पट्ट्यांना एकच बिन मिळतो आणि त्या जोडीनं हलतात. तो बग नाही. खर्जासाठी ४०९६ नमुन्यांची वेगळी एफएफटी चालव. सगळीकडे मात्र ४०९६ नको, तो ९३ मिलिसेकंदांचा तुकडा होतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या हलगीचं रेकॉर्डिंग लावून बघ, जलद ठोके एकमेकांत मिसळलेले दिसतील.

डेसिबल काढताना लॉगच्या आत ०.०००००१ मिळव, शांततेत शून्याचा लॉग उणे अनंत होतो. पट्टी चढताना लगेच चढव, उतरताना तिची उंची दर फ्रेमला ०.८५ने गुण. हा आकडा सेकंदाला ६० फ्रेमसाठी आहे, ३०ला ०.७२ घे.