फोल्डर डिलीट केल्यावर फाइल मॅनेजरची खिडकी दर वेळी वेगळी का वागते?

आपला प्रश्न असा आहे की, लिनक्सवर एखादे फोल्डर खिडकीत उघडे असताना ते दुसरीकडून डिलीट केले, तर ती खिडकी कधी आपोआप वरच्या फोल्डरवर जाते आणि कधी नाहीशा झालेल्या फोल्डरची जुनी यादी तशीच दाखवत राहते. हे वागणे लहरी वाटले तरी ते दोन गोष्टींवर ठरते: फोल्डर कोणत्या रीतीने गेले आणि ते कोणत्या प्रोग्रॅमने हलवले.

फाइल मॅनेजर डिस्क सतत तपासत बसत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत, ‘आयनोटिफाय’ ही सोय आली. तिच्याद्वारे एखाद्या फोल्डरवर पहारा बसवला की तिथे घडलेला बदल कर्नल स्वतःहून कळवतो. मात्र हा पहारा त्या एकाच फोल्डरपुरता असतो, आणि सारी गोम इथेच आहे. समजा, ‘लग्न’ या फोल्डरातले ‘फोटो’ हे फोल्डर आपल्या खिडकीत उघडे आहे. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, ‘लग्न’ कायमचे पुसले, तर पुसण्याचे काम आतून बाहेर होत असल्यामुळे आधी ‘फोटो’ जाते आणि त्याची खबर खिडकीला मिळते. कचरापेटीत टाकणे म्हणजे मात्र पुसणे नव्हे, ते केवळ स्थलांतर आहे. ‘लग्न’ अख्खे उचलून पेटीत ठेवले गेले, तर आतले ‘फोटो’ जसेच्या तसे राहते आणि त्याच्यावरच्या पहाऱ्याला काहीही कळत नाही. हे स्थलांतर फाइल मॅनेजरने स्वतः केले असेल तर त्याला ते ठाऊक असते आणि तो खिडकी सुधारू शकतो. दुसऱ्या प्रोग्रॅमने केले असेल तर जुनी यादी तशीच राहण्याची शक्यता असते. एनएफएसवरचे, म्हणजे नेटवर्कवरून अनेक संगणकांत सामायिक केलेले, फोल्डर दुसऱ्या संगणकावरून डिलीट झाले, तरीही आयनोटिफाय काही कळवत नाही.

जुनी यादी दिसणे हा किरकोळ दोष आहे, पण याच कारणाने होणारे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. एखाद्या फोल्डरात टर्मिनल उघडा आणि मग ते फोल्डर कचरापेटीत टाका. टर्मिनलवर जुनाच पत्ता दिसत राहील, पण आपण कोणत्या फोल्डरात आहोत ते सांगणारी ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा मोठ्या ‘पी’ अक्षराच्या पर्यायासह (pwd -P) दिली की खरा पत्ता कचरापेटीतला निघेल. आता तिथे नवी फाइल तयार केली, तर ती कोणतीही तक्रार न येता कचरापेटीतच तयार होते, आणि पेटी रिकामी करताच कायमची जाते.

फोल्डर हरवल्यावर खिडकीने अस्तित्वात असलेल्या सर्वांत जवळच्या वरच्या फोल्डरवर जावे, हेच मला योग्य वाटते, कारण खिडकी एकदम बंद झाली तर आपण कुठे होतो हेच कळेनासे होते. तूर्तास आपण शंका येताच एफ-५ दाबून यादी ताजी करावी, आणि कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी त्या फोल्डरात उघडलेली टर्मिनले बंद करून पेटीत एखादी नवी फाइल पडलेली नाही ना, हे पाहावे.