समस्याधारित अध्ययनातून मुलांना खरोखर काय मिळते?

आपण नव्याने रुजू झालेले शिक्षक आहात आणि समस्याधारित अध्ययनाचा, म्हणजे आधी खरा प्रश्न पुढे ठेवून त्यातून शिकण्याच्या पद्धतीचा, वर्गात खरोखर उपयोग होतो की ते प्रशिक्षणापुरतेच असते, असे आपण विचारले आहे. मी पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील एका शाळेत गणित शिकवतो. उपयोग होतो, असे माझे अनुभवाअंती मत आहे. मात्र प्रश्न आधी आणि सूत्र नंतर, हा क्रम पाळला तरच.

या पद्धतीला आजचे रूप आले ते कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात, 1969 मध्ये. तेथे आधी व्याख्याने आणि मग रुग्ण असे न करता रुग्णाची तक्रारच प्रथम पुढे ठेवली जाई, आणि ती समजण्यासाठी आपल्याला अजून काय माहीत करून घ्यावे लागेल, हे विद्यार्थी लहान गटांत बसून ठरवत. आपण मात्र बऱ्याचदा धडा संपल्यावर उपक्रम म्हणून एखादे शाब्दिक उदाहरण देतो. त्यात कोणते सूत्र वापरायचे, हे मुलांना आधीच ठाऊक असते.

आठवीच्या वर्गाला मी विचारले, ‘शाळेच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी आपल्याला वर्षभर पुरेल का?’ एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे मुलांनी ताटलीत पाणी ओतून स्वतः शोधले. मग टेप घेऊन छप्पर मोजणे सुरू झाले. आमचे छप्पर दोन्ही बाजूंनी उतरते आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंत पत्रा 3.4 मीटर भरला, लांबी 20 मीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 136 चौरस मीटर. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, पण पाऊस तर सरळ खाली पडतो, पत्रा तिरका आहे.” यावर वर्गात बराच वाद झाला. मी उत्तर दिले नाही. भर दुपारी एक पुठ्ठा उन्हात आडवा धरला आणि मग हळूहळू तिरका केला. पुठ्ठा तेवढाच राहिला, सावली आक्रसत गेली. मोजायची ती छपराची सावली, म्हणजे 120 चौरस मीटर, हे त्यांनीच सांगितले.

वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरून 60,000 लिटर झाले, आणि वाया जाणारा पाचवा भाग वजा करून 48,000. पट 92, माणशी रोज 5 लिटर. पाणी जेमतेम 104 दिवस पुरते. शिवाय पावसाळ्यात पडलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवायचे, तर एवढ्या पाण्याला 4 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल टाकी लागेल. मुलांनी ती मैदानावर फक्कीने आखली आणि आत उभी राहिली. घनफळाचे सूत्र त्यांनी आदल्या वर्षी पाठ केले होते. घनमीटर म्हणजे केवढा, ते त्यांना त्या दिवशी कळले.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली होती. प्रश्न देऊन मी बाजूला झालो, तेव्हा तीन-चार हुशार मुलांनी आकडेमोड केली आणि बाकीच्यांनी ती उतरवून घेतली. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शैक्षणिक मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 2006 मध्ये हाच आक्षेप नेमकेपणाने मांडला होता: ज्याच्याकडे विषयाचे पूर्वज्ञान कमी, त्याला पुरेशा मार्गदर्शनाविना सोडले तर तो शिकण्याऐवजी गोंधळतो. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून अपूर्णांकच कच्चे असलेल्या वर्गापुढे मी असा प्रश्न ठेवत नाही. तेथे आधी सरळ शिकवतो आणि सराव घेतो. आता गटातल्या प्रत्येकाकडे एक मोजमाप सोपवतो आणि शेवटी ज्याने ते केले नाही, त्यालाच ते समजावून सांगायला उभे करतो.

वेळ जास्त लागतो, हे खरे. छपराच्या प्रश्नाला सहा तास गेले. फळ्यावर तोच भाग दोन तासांत उरकला असता. त्यामुळे वर्षातून असे दोन किंवा तीनच प्रश्न घ्यावेत, असे माझे मत आहे. आपण यंदा एकच घ्या, आणि वर्गात नेण्याआधी तो स्वतः जागेवर जाऊन, टेप हातात धरून, शेवटपर्यंत सोडवून पाहा. उताराची अडचण मला आदल्या रविवारी छप्पर मोजतानाच आली होती, म्हणूनच तो पुठ्ठा माझ्या पिशवीत होता.