एक्स-क्यू २८ : विकराच्या जनुकाचा पत्ता

प्रश्न (अलिबाग) : हिवतापाचे प्रायमाक्विन हे औषध देण्याआधीच्या तपासणीत माझ्या मुलात जी-सिक्स-पी-डी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता आढळली. डॉक्टरांनी जनुकाची जागा ‘एक्स-क्यू २८’ अशी लिहून दिली. तिचा अर्थ काय? थंडीत त्याला पोपटी द्यावी का?

उत्तर : एक्स हे गुणसूत्र आणि क्यू ही त्याची लांब भुजा. ‘२८’ हा आकडा अठ्ठावीस असा वाचायचा नसतो. तो दुसऱ्या विभागातला आठवा पट्टा सांगतो. रंजनानंतर (रंग चढवल्यावर) गुणसूत्रावर आडवे पट्टे दिसतात आणि ते भुजा जिथे जुळतात तिथून टोकाकडे मोजतात, म्हणजे हे जनुक अगदी टोकाशी आहे.

तुमच्या घरासाठी मात्र खरे महत्त्व ‘एक्स’ला आहे. मुलाला एकच एक्स मिळतो आणि तो आईकडूनच येतो. एवढ्यावरून कोणी आईला बोल लावत असेल, तर ते सर्वस्वी अन्यायाचे आहे. त्याला बहीण असल्यास तिचीही तपासणी करा. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. त्यामुळे वाहक मुलीच्या रक्तात सक्षम आणि दुबळ्या अशा दोन्ही तांबड्या पेशी असतात व झटपट चाचणी तिला ‘सामान्य’ ठरवू शकते. तिच्यासाठी विकराचे प्रमाण आकड्यात मोजणारी चाचणी मागा.

पोपटीबद्दल : या कमतरतेत घातक ठरतो तो बाकला (फावा बीन), कारण त्यात व्हिसिन आणि कॉनव्हिसिन असतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात शिजणारा आपला वाल ही वेगळी वनस्पती आहे. केवळ ‘बीन’ या नामसाधर्म्यामुळे त्यावर बंदी घालू नये. कपाटातल्या नॅप्थलीनच्या गोळ्या मात्र आजच बाहेर काढा.

प्रश्न (देवगड, एक शिक्षिका) : जीनोम वाचण्याआधी विकराचे जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे हे कसे कळत असे?

उत्तर : माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र केली, की संकरित पेशी वाढताना मानवी गुणसूत्रे एकेक करून गळून पडतात. मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९६७ मध्ये थायमिडीन कायनेज नसलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या आणि त्या विकराशिवाय जगणे अशक्य होईल अशा ‘हॅट’ माध्यमात संकरित पेशी वाढवल्या. ज्यांच्याकडे ते मानवी जनुक उरले, त्याच पेशी तगल्या. आणि त्या सर्वांत एक ठरावीक मानवी गुणसूत्र शिल्लक होते. पट्टे दाखवणारे रंजन हाती आल्यावर, १९७१ मध्ये, ते १७ क्रमांकाचे असल्याचे निश्चित झाले. गळतीचाच असा उपयोग करून घेणारी ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते, आणि वर्गात ती रंगीत मण्यांनी सहज दाखवता येईल.

प्रश्न (दापोली) : ग्लुकोजच्या विघटनातील विकरांची जनुके ओळीने असतात का?

उत्तर : नाही. अल्डोलेज-ए १६ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, तांबड्या पेशींतील पायरुव्हेट कायनेज १ वर, तर फॉस्फोग्लिसरेट कायनेज-१ एक्सवर आहे. जिवाणूंत एका कामाची जनुके बऱ्याचदा शेजारी असतात. आपल्याकडे असे शेजार क्वचित, जसे ४ क्रमांकाच्या लांब भुजेवर अल्कोहोल डिहायड्रोजनेजची सात जनुके एका ओळीत आहेत.