फुकेतला मे महिन्यात जावं की डिसेंबरमध्ये? आधी पॉलिसी रद्द करा

प्रश्न : मी ४१ वर्षांचा, मिरजेत राहतो. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार. घरकर्जाचा हप्ता २७ हजार (अजून २८ लाख बाकी), मुलांच्या शाळा-क्लासचे १२ हजार, घरखर्च ४२ हजार. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, आई-वडील आमच्याकडेच असतात. यंदा लग्नाला पंधरा वर्षं होतात, म्हणून चौघांनी थायलंडमधल्या फुकेत-क्राबीला जायचं मनात आहे. सहा रात्रींचं पॅकेज २ लाख ४० हजारांना मिळतंय, कार्डावर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे. मे महिन्यात जावं की डिसेंबरमध्ये? व्हिसा लागतो का? चौघांचे पासपोर्ट साडेचार वर्षांपूर्वी काढलेले आहेत. पैशांची तशी काळजी नाही, कारण बँकेतल्या आरएमनी (रिलेशनशिप मॅनेजर) नुकताच एक गॅरंटीड इन्कम प्लॅन काढून दिलाय. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे. ३ लाखांची एफडी होती, त्यातली निम्मी मोडून पहिला हप्ता भरला. दरवर्षीची ट्रिप यातूनच निघेल असं ते म्हणाले. पॉलिसी ११ जानेवारीला ईमेलवर आली, अजून नीट वाचलेली नाही. सोबत जोडतोय.

उत्तर : तुमचं पत्र ३० जानेवारीला मिळालं. पॉलिसी हातात पडून तोवर १९ दिवस झाले होते. हा मजकूर छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुख्य मुद्दा तुम्हाला त्याच संध्याकाळी ईमेलने कळवला. इथे तो सविस्तर लिहितो, कारण याच महिन्यात अशीच पॉलिसी घेतलेले आणखी बरेच वाचक असणार.

आयुर्विमा पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी सर्वसाधारणपणे ही मुदत १५ दिवसांची होती. विमा नियामकाने २०२४मध्ये ती सरसकट ३० दिवस केली. पॉलिसी ईमेलवर आली असेल तर ईमेलच्या तारखेपासून दिवस मोजायचे. तुमची मुदत १० फेब्रुवारीला संपते. मे की डिसेंबर हे आपण निवांत ठरवू, पण ही तारीख चुकली तर दीड लाख अडकले असं समजा.

रद्द का करायची, ते तुम्ही जोडलेल्या पॉलिसीतच आहे. बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा तक्ता उघडा. डावीकडे वर्षं आहेत, मधे भरायचा हप्ता, उजवीकडे मिळणारी रक्कम. उजवा रकाना पहिल्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत शून्य आहे. पहिले पैसे बाराव्या वर्षाच्या अखेरीस येतात, २ लाख ८५ हजार, आणि मग दरवर्षी तेवढेच, एकूण दहा वेळा. पुढच्या वर्षीची ट्रिप यातून निघेल असं तुम्ही धरून चाललात, पण तेव्हा यातून तुम्हाला एक रुपयाही मिळायचा नाही, उलट आणखी दीड लाख भरायचे आहेत. पहिले पैसे येतील तेव्हा तुमची मुलगी २६ वर्षांची असेल, बहुधा स्वतःच्या पगारावर फिरत असेल.

आता हिशेब. दहा वर्षांत भरायचे १५ लाख, मिळायचे साडेअठ्ठावीस लाख. 'जवळजवळ दुप्पट' हे वाक्य इथूनच येतं. पण हे पैसे दहा-अकरा वर्षं अडकून राहतात आणि मग तुकड्यातुकड्याने परत येतात. वर्षाचा परतावा काढला तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. तो पुढे बदलू शकतो, पण तसाच राहिला तर त्याच दीड लाखांतून, त्याच वेळापत्रकाने, वर्षाला साधारण ३ लाख ४० हजार काढता येतील. म्हणजे दरवर्षी ५५ हजारांचा फरक, दहा वर्षांत साडेपाच लाख. शिवाय महागाई सहा टक्के धरली तर आजची २ लाख ४० हजारांची सहल बारा वर्षांनी ४ लाख ८० हजारांना पडेल. तेव्हा मिळणारे २ लाख ८५ हजार फार तर परतीच्या वाटेपर्यंत पुरतील.

'गॅरंटीड' या शब्दावर लोक सही करतात. गॅरंटी खरीच आहे, मी नाकारत नाही. पण साडेपाच टक्क्यांची गॅरंटी घ्यायला एकवीस वर्षांचा करार कशाला हवा? ज्या घरात महिन्याला २४ हजार उरतात, त्या घराच्या गळ्यात वर्षाला दीड लाखांचा दहा वर्षांचा हप्ता बांधणाऱ्या माणसाने तुमचं उत्पन्न विचारलं होतं का, घरकर्ज विचारलं होतं का? या गोष्टीचा मला खरोखर राग येतो. तुम्ही बँकेत एफडीच्या नूतनीकरणाला गेलात आणि बाहेर पडलात ते विमा घेऊन. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तर हे मी सतत पाहतो.

आणि विमा म्हणून तरी यात काय आहे? मृत्यू झाल्यास १५ लाख. तुमच्यावर कर्जच २८ लाखांचं आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पत्नीला या पॉलिसीतून अर्धं घर सोडवता येईल, उरलेलं कर्ज फेडायचं, दोन मुलांचं शिक्षण करायचं आणि सासूसासऱ्यांना सांभाळायचं ते एकटीच्या पगारात. पत्रात टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या विम्याचा, उल्लेख कुठेच नाही. तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, १ कोटीचा टर्म विमा साठाव्या वर्षापर्यंत साधारण वीस ते पंचवीस हजार वार्षिक हप्त्यात मिळतो. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. दीड लाखांत १५ लाखांचं संरक्षण आणि पंचवीस हजारांत एक कोटीचं, यात दुसऱ्यांदा विचार करावा असं काही नाही.

रद्द करताना अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेकडे नाही. कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि सांगली-मिरजेत शाखा असेल तर तिथे जाऊन हाती द्या, प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पॉलिसी क्रमांक, 'फ्री लुक मुदतीत रद्द करत आहे' हे स्पष्ट शब्द, कारण (पहिल्या वर्षापासून उत्पन्न मिळेल असं तोंडी सांगितलं होतं, करारात तसं नाही) आणि रद्द केलेला धनादेश, एवढं पुरतं. मुद्रांक शुल्क, झालेल्या दिवसांच्या विमा संरक्षणाची रक्कम आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी सगळे पैसे परत येतात. त्यासाठी कंपनीला सात दिवस दिलेले आहेत.

मग आरएमचा फोन येईल. 'सर, घाई करू नका, मी वरिष्ठांशी बोलतो, सोमवारी शाखेत या.' मुदत संपायच्या आत असे दोन सोमवार सहज निघून जातात. नम्रपणे सांगा की अर्ज दिलेला आहे, बोलणं नंतर करू. पैसे घेतल्यावर कंपनीचा पडताळणीचा फोन आला असेल आणि 'सगळ्याला हो म्हणा' असं तुम्हाला आधी सांगितलं गेलं असेल, तर त्या रेकॉर्डिंगची भीती बाळगू नका. फ्री लुकमध्ये रद्द करणं हा तुमचा हक्क आहे, तुम्ही फोनवर काय म्हणालात याच्याशी त्याचा संबंध नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत.

ज्यांची मुदत उलटून गेली आहे त्यांनी लगेच हप्ता बंद करायची घाई करू नये. ऑक्टोबर २०२४पासूनच्या नियमांनुसार पूर्ण वर्षाचा हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यास, काही रक्कम मिळते. ती किती, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि मग पुढचा हप्ता भरायचा की नाही ते ठरवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या किनाऱ्यावर आहेत. आपल्या कोकणाला भिजवतो तोच नैऋत्य मोसमी वारा तिथे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतो. दिवसभर पाऊस पडतोच असं नाही, पण समुद्र उसळलेला असतो, पातोंग-कारोनच्या किनाऱ्यांवर पोहू नका असं सांगणारे लाल बावटे लागतात, फी फी बेटाकडे जाणारी स्पीडबोट एखाद्या दिवशी रद्द होते. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. चांगला काळ नोव्हेंबर अखेर ते एप्रिल. मे महिन्याचं पॅकेज स्वस्त दिसतं ते याचमुळे. जाहिरातीतला निळाशार समुद्र फेब्रुवारीतला असतो.

डिसेंबरमध्ये हवा उत्तम, पण नाताळ ते नवीन वर्ष हे तिथले सर्वांत महागडे दिवस. अनेक हॉटेलं ३१ तारखेच्या रात्रीचं जेवण सक्तीने बिलात लावतात. आणि त्या डिसेंबरात तुमची मुलगी दहावीत असेल. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा असताना डिसेंबरात सहा दिवस परदेशी जाण्यात ना तिला आनंद, ना तुम्हाला.

माझं मत : पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस जा. तिची परीक्षा संपलेली असेल, मुलाची वार्षिक परीक्षाही झालेली असेल, १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानची (थाई नववर्षाची) गर्दी ओसरलेली असेल आणि पाऊस अजून लांब असेल. उकाडा असतो, पण मिरजेच्या माणसाला त्याची सवय आहे. ही सहल तिच्या दहावीचं बक्षीस होईल आणि पैसे जमवायला तुम्हाला सव्वा वर्ष मिळेल.

व्हिसाबद्दल. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने भारतीयांना तात्पुरती ३० दिवसांची सूट दिली, १५ जुलै २०२४पासून पर्यटनासाठी व्हिसाशिवाय ६० दिवस राहू दिलं. हे नियम तिथलं सरकार बदलत असतं, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा, एजंटच्या शब्दावर राहू नका. १ मे २०२५पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा.

खरी अडचण तुमच्याच पत्रात आहे. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. साडेचार वर्षांपूर्वी काढलेले म्हणजे येत्या जुलैच्या सुमारास संपणारे. प्रवासाच्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. मे महिन्यात तुम्ही विमानतळावर पोहोचला असता आणि काउंटरवर दोन्ही मुलांना अडवलं असतं. ऐनवेळी रद्द केलेल्या पॅकेजचे फार थोडे पैसे परत मिळतात. तुमचे दोघांचे दहा वर्षांचे आहेत, ते ठीक आहेत. मुलांच्या नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच करा. १५ वर्षांखालच्या मुलाला हजार रुपये लागतात.

ईएमआयचं गणित बसत नाही, तेही सांगतो. उरतात २४ हजार. पॅकेजचा हप्ता २० हजार आणि पॉलिसीचे महिन्याला साडेबारा हजार, म्हणजे साडेबत्तीस हजार. महिन्याला साडेआठ हजारांची तूट पडते, आणि ती भरायला उरलेली दीड लाखांची एफडीच मोडावी लागेल. नो-कॉस्ट म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच, आणि रोखीत मिळणारी सवलत जाते.

त्याऐवजी असं करा. परत आलेले दीड लाख पुन्हा एफडीत टाका. ३ लाख झाले की घराचा साडेतीन महिन्यांचा खर्च हाताशी राहील. उरणाऱ्या २४ हजारांतून १६ हजारांची १५ महिन्यांची आरडी सुरू करा, २ लाख ४० हजार आणि वर थोडं व्याज. दोन हजार टर्म विम्यासाठी बाजूला काढा, सहा हजार एफडीत भर घाला. सहल संपल्यावर हेच १६ हजार मुलीच्या अकरावी-बारावीला लागतील, तेव्हा ते दुसऱ्या कुठल्या हप्त्यात अडकवू नका. परदेशी पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (विक्रेत्याने आधीच घेतलेला कर) विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. चौघांचा प्रवास विमा दोन-तीन हजारांत होतो, तो घ्याच. तिथे भाड्याची स्कूटर मात्र नको. मोटारसायकलची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आणि यंदाचा लग्नाचा वाढदिवस? मेच्या सुरुवातीला आई-वडिलांनाही घेऊन चार दिवस तारकर्लीला जा. पंचवीस-तीस हजारांत होईल. पाण्यातले खेळ तिथे मेच्या अखेरीस बंद होतात, त्याआधी पोहोचा. हे पैसे आरडी सुरू करायच्या आधीच्या पगारातून काढा, म्हणजे आरडी फेब्रुवारीऐवजी मार्चपासून सुरू झाली तरी चालेल. एक हप्ता कमी पडेल, तो दिवाळीच्या बोनसमधून भरा.

विमा कंपनीची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. १० फेब्रुवारीच्या आत आली नाही तर त्याच दिवशी फोन करा.